कारच्या कर्जाचे तीन हप्ते थकले आहेत. गाडी नोटरी करून दुसऱ्याच्या हवाली करावी का?

देवगड_कलमवाला:

नमस्कार मंडळी. आमची देवगड तालुक्यात हापूसची कलमे आहेत आणि घराला लागून पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधलेल्या आहेत; घर या दोन गोष्टींवर चालते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या वित्त कंपनीकडून 6 लाखांचे कर्ज घेऊन छोटी कार घेतली. व्याजाचा दर 10 टक्के स्थिर, मुदत 60 महिने, हप्ता 12,748 रुपये आणि तो दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून वळता होतो. एप्रिलपर्यंतचे 24 हप्ते वेळेवर गेले.

यंदा पहिला मोहोर अवकाळी पावसाने झाडला आणि दुसऱ्याला तुडतुड्याने खाल्ले. जे काही फळ निघाले, त्याच्या विक्रीच्या वाशी बाजाराहून आलेल्या पट्ट्यांचे (हिशेबाचे) पैसे फवारणीच्या औषधांची उधारी आणि राखणदाराचा पगार यांतच संपले. त्यामुळे मे, जून आणि जुलै असे तीन हप्ते परत गेले. पावसाळ्यात खोल्या रिकाम्याच असतात. दसऱ्यानंतर पर्यटक येऊ लागतात आणि दिवाळीच्या आगाऊ नोंदणीचे पैसे सप्टेंबरअखेर हाती येतात, असा दरवर्षीचा अनुभव आहे. म्हणजे अडचण साधारण अडीच महिन्यांची आहे.

वसुलीचे फोन सुरू झाले आहेत. माझ्यासाठी जामीन राहिलेले मामा कणकवलीला असतात. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांना उच्च रक्तदाबाचा त्रास आहे. परवा त्यांना सकाळी पावणेसातला फोन करून "दोन दिवसांत गाडी उचलू आणि तुमचे पेन्शन अडवू" असे सांगण्यात आले. दुसरीकडे, ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, "गाडी माका दी, हप्ते मी भरतंय, वर पन्नास हजार रोख देतंय, नोटरी करून टाकूया." आई म्हणते, तिचे दागिने पतसंस्थेत ठेवून एकदाचे मोकळे व्हावे. एका मित्राचा सल्ला असा की गाडी स्वतःहून कंपनीला परत द्यावी, म्हणजे कर्ज संपेल.

यांतला कोणता मार्ग बरा? आणि कंपनी खरोखरच दोन दिवसांत गाडी नेऊ शकते का?

निवृत्त_कर्जविभाग (रत्नागिरी):

आपण कागदपत्रांतले आकडे दिलेत हे फार बरे केलेत; बहुतेक जण "थोडे हप्ते राहिलेत" एवढेच लिहितात आणि मग कोणी काय सांगणार?

आपल्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची तारीख 3 ऑगस्ट आहे. सर्वांत जुना न भरलेला हप्ता 5 मेचा, आणि त्याला त्या दिवशी 90 दिवस होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 90 दिवस झाले की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे वसुली धोक्यात आलेल्या कर्जांच्या) वर्गात टाकावे लागते; ते शाखाधिकाऱ्याच्या मर्जीवर नसते. ही रेषा ओलांडण्यापूर्वी आणि ओलांडल्यानंतर, या दोन अवस्थांत मोठा फरक आहे, आणि तो कर्जदाराला सहसा कोणी समजावून सांगत नाही. रेषेच्या अलीकडे असताना आपण एक पूर्ण हप्ता भरला आणि तो मे महिन्यापोटी जमा झाला, तर सर्वांत जुनी थकबाकी 5 जूनची ठरते आणि नव्वदावा दिवस 3 सप्टेंबरवर जातो. ऑगस्टमध्ये आणखी एक हप्ता भरला की तो आणखी महिनाभर पुढे सरकतो. याचाच अर्थ, दरमहा एक हप्ता भरण्याची ताकद असेल, तर तीन हप्त्यांची थकबाकी डोक्यावर असूनही खाते अनुत्पादित होत नाही. मात्र एकदा ते झाले, की नोव्हेंबर 2021च्या स्पष्टीकरणानुसार एखादा-दुसरा हप्ता भरून ते पूर्ववत होत नाही. व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी चुकती करावी लागते. तेव्हा आपल्याकडे आज फक्त तेरा हजार रुपयेच असतील, तर त्यांची खरी किंमत 3 ऑगस्टच्या आधी आहे.

यात एक खाचखळगा आहे. पुष्कळ करारांत असे कलम असते, की आलेली रक्कम कंपनी आधी दंड आणि हप्ता परत गेल्याचे शुल्क यांत वळती करून घेऊ शकते. तसे झाले तर आपला हप्ता शे-पाचशेने अपुरा पडतो आणि मे महिना थकीतच राहतो. म्हणून भरणा करण्यापूर्वी ईमेलने कळवावे, की ही रक्कम 5 मेच्या हप्त्यापोटी जमा करावी आणि शुल्काचा हिशेब वेगळा द्यावा. त्यानंतर दोन दिवसांनी उतारा मागवून नोंद तपासावी.

उतारा हाती आला की दंडाच्या रकान्याकडे नीट पाहा. एप्रिल 2024पासूनच्या नव्या कर्जांवर, आणि त्याच वर्षीच्या जूनअखेरपासून जुन्या कर्जांवरही, दंडात्मक व्याज लावण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. दंड लावता येतो, पण तो आकार म्हणून, थकलेल्या रकमेच्या प्रमाणात, आणि तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज घेता येत नाही. या दंडात्मक आकारावर जीएसटी लागत नाही, असे जानेवारी 2025मध्ये स्पष्ट करण्यात आले आहे. उताऱ्यात तो लावलेला दिसला तर लेखी हरकत घ्या. रक्कम लहान असते, पण हरकत घेणाऱ्या ग्राहकाशी पुढचे बोलणे वेगळ्या सुरात होते, असा माझा अनुभव आहे.

आता मुदत वाढवून घेण्याबद्दल. अडचणीत आलेल्या कर्जाची पुनर्रचना केली, की सर्वसाधारणपणे ते खाते लगेच खालच्या वर्गात टाकावे लागते. त्यामुळे कंपन्या तोंडावर नकार देतात आणि कारण सांगत नाहीत. दुसरी बँक तीन हप्ते थकलेले कर्ज स्वतःकडे घेणार नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी थकबाकी मिटवायची आणि मग काही महिने नियमित भरल्यावर मुदतवाढीचे किंवा दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याचे बोलायचे. आजच्या हिशेबाने, तीनही हप्ते भरल्यास आपले मुद्दल सुमारे 3,66,000 उरते आणि हप्ते 33 उरतात. त्याच दराने ते 48 महिन्यांवर नेले तर हप्ता सुमारे 9,280 होतो आणि एकूण व्याज अंदाजे 25,000 रुपयांनी वाढते. 60 महिन्यांवर नेले तर हप्ता 7,776पर्यंत उतरतो, पण जादा व्याज 46,000च्या घरात जाते. माझ्या मते 60 महिन्यांचा विचारही करू नये. खाऱ्या वाऱ्यात गाडीचा पत्रा तेवढी वर्षे नवा राहत नाही, आणि गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज मोठे होण्याची वेळ येते. शिवाय कर्ज स्थिर दराचे असल्याने मुदतपूर्व फेडीचे शुल्क करारात असणार. ते किती टक्के आहे हे आधी वाचा.

कंपनीला पत्र लिहाल तेव्हा "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या तारखेला किती रक्कम कोठून येणार, हे लिहा. पर्यटकांच्या नोंदणीच्या गेल्या वर्षीच्या पावत्या किंवा खात्याचा ऑक्टोबर ते डिसेंबरचा उतारा सोबत जोडलात, तर आपले म्हणणे तपासून पाहता येते. ज्या टेबलावर असे अर्ज येतात, त्या टेबलामागे मी बसलेलो आहे. नव्वद टक्के अर्जांत तारीख नसते.

जुन्या_गाड्या_कुडाळ:

मी जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहे, त्यामुळे नोटरीच्या प्रस्तावाबद्दल लिहितो. तो स्वीकारू नका.

आपल्या भागात हा प्रकार सर्रास चालतो. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टंकून घेतात, दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, गाडीची चावी आणि आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) झेरॉक्स समोरच्याकडे जाते. आरसीवर मात्र मालक म्हणून तुमचे नाव आणि त्याखाली कंपनीचा तारण-बोजा, दोन्ही तसेच राहतात. कंपनीच्या दृष्टीने हा कागद अस्तित्वातच नाही. समोरच्याने चार महिने हप्ते भरून पाचव्या महिन्यात हात वर केले, तर नोटीस तुम्हाला आणि मामांनाच येणार, आणि तेव्हा गाडी कदाचित बेळगावात किंवा गोव्यात फिरत असेल. कंपनीची संमती न घेता तारणातली गाडी परस्पर दिल्याबद्दल ती फसवणुकीची तक्रारही करू शकते. सर्वांत वाईट भाग अपघाताचा. सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे, की गाडी किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. परिवहन नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. त्या दिवशी विमा संपलेला असला, तर पन्नास हजार रोख घेतलेल्या माणसावर काही लाखांचा बोजा येतो. ते गृहस्थ कदाचित सज्जनही असतील. माझा आक्षेप कागदावर आहे.

खरोखर गाडी विकायचीच असेल तर सरळ मार्ग उपलब्ध आहे आणि तो वाटतो तेवढा किचकट नाही. कंपनीकडून कर्ज पूर्ण फेडण्याच्या रकमेचे पत्र घ्यावे. त्यात रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, हे असते. तुमच्या आकड्यांवरून ती व्याजासह चार लाख पाच हजारांच्या आसपास, अधिक दंड आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क, अशी असेल. खरेदीदाराने तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरायची आणि वरची तुम्हाला द्यायची. मग कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा नमुना 35 येतो, त्यावर बोजा उतरतो, आणि नमुना 29 व 30 भरून गाडी खरेदीदाराच्या नावावर होते. खरेदीदार बिचकतो तो याच मधल्या काळाला, कारण त्याचे पैसे गेलेले असतात आणि नाव लागलेले नसते. यासाठी दोघांनी मिळून कंपनीच्या शाखेत जाऊनच भरणा करावा.

भावाबद्दल मात्र खोटी आशा ठेवू नका. 22 सप्टेंबर 2025पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28वरून 18 टक्क्यांवर आल्यावर नवी गाडीच स्वस्त झाली, आणि त्याआधी घेतलेल्या गाड्यांचा भाव आपोआप खाली सरकला. त्यातून पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असते. गणपतीच्या आधीचे तीन-चार आठवडे काय ती विचारपूस होते, कारण चाकरमान्यांपैकी काही जण गावी गाडी ठेवायचा विचार करतात.

मित्राने सुचवलेल्या "गाडी परत द्या" या मार्गाबद्दलही दोन शब्द. जप्त किंवा परत केलेल्या गाड्या ज्या यार्डात उभ्या राहतात, तिथे मी लिलावासाठी जातो. उघड्यावर एक कोकणी पावसाळा काढलेली गाडी ओळखू येते: बॅटरी उतरलेली, सीटवर पांढरी बुरशी, ब्रेकच्या चकत्या गंजून चिकटलेल्या, आणि दारे उघडताच येणारा तो कुबट वास. आम्ही बोली लावतो ती हे सगळे जमेस धरून. बाजारात चार सव्वाचार लाखांना जाईल अशी गाडी तिथे तीनच्या आत सुटताना पाहिली आहे. शिवाय यार्डाचे भाडे आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च कर्जखात्यावरच पडतो, आणि उरलेला फरक तुमच्याकडूनच मागितला जातो. गाडी परत दिल्याने कर्ज संपत नाही. कंपनीने "गाडी घेतली, आता काही येणे नाही" असे लेखी दिले तरच ते संपते, आणि तसे पत्र सहजासहजी मिळत नाही.

बंदरावरचा:

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. माझ्या मेहुण्याने गाडी स्वतःहून परत केली आणि त्याला शांत झोप लागू लागली. प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजू नये. दारात माणसे येऊन उभी राहतात तेव्हा घरातल्यांची काय अवस्था होते, हे सल्ला देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

वकील_कणकवली:

बंदरावरचा यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. पण दारात येणाऱ्या माणसांवर कायद्याची काही बंधने आहेत आणि ती माहीत असली की भीतीचा बराच भाग कमी होतो.

मामांना आलेला पावणेसातचा फोन नियमबाह्य आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार थकीत वसुलीसाठी सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7नंतर फोन करता येत नाही, आणि धमकावणे किंवा चारचौघांत अपमान करणे तर कोणत्याही वेळी चालत नाही. कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या किंवा मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरण्यासही मनाई आहे. मामा जामीनदार असल्याने त्यांच्याशी संपर्क साधण्याचा हक्क कंपनीला आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे काही नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी भाच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या" असे त्यांना म्हणता येत नाही. परंतु एजंटने फोनवर म्हटले म्हणून पेन्शन अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार सरकारी निवृत्तिवेतनाला जप्तीपासून संरक्षण आहे. हे मामांना आजच सांगा, आणि फोनची तारीख, वेळ व क्रमांक लिहून ठेवायला सांगा.

गाडी दोन दिवसांत नेता येते का, याचे उत्तर आपल्या करारात आहे. न्यायालयात न जाताही तारणाची गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार करारातल्या कलमाने कंपनीला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या मॅग्मा फिनकॉर्पच्या निकालात, हप्तेखरेदीच्या करारासंबंधी, हप्ते थकल्यावर गाडी ताब्यात घेणे हा गुन्हा ठरत नाही असे म्हटले आणि आधी नोटीस लागते की नाही हे करारातल्या अटींवर सोडले. मात्र रिझर्व्ह बँकेची अपेक्षा अशी आहे, की गाडी ताब्यात घेण्याचे कलम करारात स्पष्ट असावे आणि त्यात ताब्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती केव्हा वगळता येते, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि लिलावाची रीत हे सारे नमूद असावे. आपल्या कराराची प्रत काढून हे पान वाचा. प्रत नसेल तर ईमेलने मागा, ती देणे कंपनीला भाग आहे.

अधिकार असला तरी बळजबरीचा परवाना मिळत नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या 2007च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंडेलीने वसुली करण्यावर कडक शब्दांत टीका केली, आणि पाटणा उच्च न्यायालयाने मे 2023मध्ये वसुली एजंटांकरवी जबरदस्तीने गाड्या उचलणे हे जगण्याच्या आणि उपजीविकेच्या मूलभूत अधिकाराचे उल्लंघन ठरवले. कोणी आलेच तर ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र पाहायला मागा, दोन्हींचे छायाचित्र घ्या, चावी हिसकावू लागले तर 112वर फोन करा. अंगावर जाऊ नका आणि गाडी दुसऱ्याच्या मांगरात (शेतघरात) लपवूही नका. लपवाछपवीने आपलीच बाजू लंगडी होते. गाडी द्यावीच लागली तर आत काय काय होते, किलोमीटरचा आकडा किती होता आणि टायर कसे होते, याची यादी करून त्यावर त्यांची सही घ्या.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. चुकीचे दंड, अवेळी फोन, उतारा न देणे यांसाठी हा मार्ग चांगला आहे. हप्ता कमी करा किंवा मुदत वाढवा असा आदेश मात्र लोकपालाकडून मिळत नाही, कारण तो कंपनीचा व्यावसायिक निर्णय मानला जातो.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. खात्यात पैसे नसताना मँडेट (हप्ता आपोआप वळता करण्याची बँकेला दिलेली सूचना) परत जाणे हे 2007च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली, धनादेश न वटण्यासारखेच, फौजदारी स्वरूपाचे आहे. अशी मागणी-नोटीस आली तर ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरता येते आणि मग खटला उभा राहत नाही. त्यामुळे टपालाने आलेले नोटिशीचे पाकीट परत पाठवण्याची जी रीत गावोगावी दिसते, ती सोडा. लवादाची नोटीस आली तरीही तेच: हजर राहा किंवा लेखी उत्तर पाठवा, नाहीतर एकतर्फी निवाडा होतो. प्रकरण तिथवर गेलेच, तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड मागता येते.

देवगड_कलमवाला:

सर्वांचे मनापासून आभार. नोटरीचा विषय मी आज बंद केला आणि त्या गृहस्थांना तसे कळवले. कराराची प्रत घरात सापडली. त्यात ताब्यापूर्वी लेखी नोटीस देण्याची अट आहे आणि तशी नोटीस अजून आलेली नाही. मामांना सविस्तर समजावून सांगितले.

आता फक्त दागिन्यांचा प्रश्न उरतो. धाकटा भाऊ मुंबईहून एक हप्ता पाठवतो म्हणाला आहे. आईचे म्हणणे आहे की सगळेच सोने ठेवून पूर्ण कर्ज फेडावे. तसे करावे का? आणि कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, की एकरकमी तडजोड करा, आम्ही काही रक्कम सोडतो. ते कसे?

निवृत्त_कर्जविभाग (रत्नागिरी):

सगळे सोने ठेवून पूर्ण कर्ज फेडू नका. आज थकबाकी तीन हप्त्यांची, म्हणजे 38,244 रुपये अधिक शुल्क एवढी आहे, आणि भाऊ एक हप्ता देत असेल तर कमी पडतात ते साधारण पंचवीस-सव्वीस हजार. सोन्याचे आजचे भाव पाहता एवढ्यासाठी एखादी बांगडीही पुरावी. मंगळसूत्र आणि पाटल्या घरातच राहू द्या. चार लाखांच्या आसपासचे सोनेतारण घेतलेत तर गाडी सुटेल, पण त्या कर्जाची मुदत बहुधा वर्षभराची असते, आणि पुढच्या वर्षी मोहोराने पुन्हा दगा दिला तर लिलावाला दागिने जातील. गाडीपेक्षा आईचे सोने धोक्यात घालणे मला तरी पटत नाही.

पतसंस्थेत जायचे असेल तर व्याजदर तेथील राष्ट्रीयीकृत बँकेच्या सोनेतारणाच्या दराशी ताडून पाहा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्या सहकार खात्याखाली असतात आणि थकबाकीसाठी त्यांना सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मिळतो, जी प्रक्रिया दिवाणी दाव्यापेक्षा बरीच वेगवान असते. ओळखीचा संचालक आहे म्हणून सवलत मिळेल, हे गृहीत धरू नका.

एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव आज आपल्या कामाचा नाही. त्यात काही रक्कम सुटते हे खरे, पण क्रेडिट अहवालात कर्ज "बंद" न दिसता "तडजोडीने मिटवले" असे दिसते, आणि तो शेरा पुढे पीक कर्ज किंवा खोल्यांच्या दुरुस्तीचे कर्ज मागताना आडवा येतो. ज्याची फेडण्याची शक्यताच संपली आहे त्याने तो मार्ग धरावा; आपली अडचण ऑक्टोबरला सुटणारी आहे. तरीही कधी स्वीकारावा लागलाच, तर कंपनीच्या लेटरहेडवरचे, रक्कम आणि अंतिम तारीख लिहिलेले पत्र हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका, आणि एजंटच्या वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर तर कधीच नाही.

भावाचा हप्ता आला की शुक्रवार, 31 जुलैच्या आत थेट कर्जखात्यात भरा. 3 ऑगस्टला सोमवार आहे आणि शेवटच्या दिवशी भरलेली रक्कम पुस्तकात दुसऱ्या दिवशी दिसली तर वाद घालावा लागेल. भरण्याच्या आदल्या दिवशी "5 मेच्या हप्त्यापोटी" असा ईमेल पाठवा. बांगडीचे पैसे आले की जून आणि जुलैचे हप्ते, शक्य असेल तर 5 ऑगस्टच्या आधी, भरून टाका, आणि ऑगस्टचा हप्ता भरता येणार नसेल तर तसे चार दिवस आधी कळवा. मँडेट परत गेले की आपली बँकही शुल्क घेते आणि कंपनीही. गाडीचा विमा केव्हा संपतो तेही या गडबडीत एकदा पाहून घ्या.